पंचांग, पोथी आणि पुरवणी

मोटारशर्यतीच्या संगणकीय खेळांविषयी या पृष्ठांवर लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. परंतु देवळात आरती सुरू होईपर्यंत आमच्या सायलीतील मुले ज्यात रमतात, त्याचे गुणदोष वडीलधाऱ्यांनी पाहू नयेत, असे कोणते शास्त्र सांगते?

फॉर्म्युला वन शर्यतींचा अधिकृत खेळ कोडमास्टर्स ही इंग्लंडातील संस्था बनविते. मुंबईच्या रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने २०१० साली तिच्यात निम्मा हिस्सा घेतला होता. २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे गेली. धनी बदलले, तरी दर वर्षी नवा खेळ व नवे मोल हा नेम चुकला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र जाहीर झाले की, २०२६ साली स्वतंत्र खेळ निघणार नाही. त्या हंगामातील गाड्या, संघ, चालक व नियम ‘एफ१ २५’ या खेळासच सशुल्क पुरवणी म्हणून जोडले जातील. पुढचा नवा खेळ २०२७ चा.

हा निर्णय आम्हांस स्वागतार्ह वाटतो. पंचांग दर वर्षी नवे घ्यावे लागते, कारण तिथिवार बदलतात. पोथी कोणी दर वर्षी घेत नाही. या खेळांत वर्षागणिक बदलते ते बव्हंशी पंचांगच: चालकांची नावे, गाड्यांचे रंग, शर्यतींचा क्रम. वळणावर चाकांची पकड कशी सुटते, ओल्या रस्त्यावर वेग कोठे आवरावा, हा जो खेळाचा प्राण, तो एका वर्षात क्वचितच पालटतो. मौज अशी की, २०२६ च्या नियमांनी प्रत्यक्ष गाडीच पालटली. तिची जवळजवळ निम्मी शक्ती विजेची झाली, पंख हलते झाले. एवढा पालट जर पुरवणीत मावतो, तर मागील किरकोळ फरकांसाठी पोथीचे मोल का घेतले, याचा जाब ग्राहकाने विचारावा.

तथापि वकिलाच्या नजरेस दुसरी बाजूही दिसते. ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे भारताची शर्यत झाली. त्या तिन्ही वर्षांच्या खेळांत तो मार्ग होता. २०१४ च्या खेळात तो उरला नाही. ज्याने २०१३ ची तबकडी जपली, तो आजही त्यावर गाडी हाकू शकतो. एकच खेळ वर्षानुवर्षे खोडून लिहिला गेला असता, तर ते भारतीय पान कोठे शोधावयाचे?

ही भीती काल्पनिक नव्हे. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा शर्यतीचा खेळ कंपनीच्या यंत्रणेशी सतत जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ती यंत्रणा बंद झाली आणि पैसे मोजून घेतलेल्या तबकड्या निरुपयोगी ठरल्या. वस्तूची विक्री निराळी आणि वापराचा परवाना निराळा, हा भेद तेव्हा लोकांस कळला. कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, केवळ परवाना देणाऱ्या विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगणे बंधनकारक केले आहे.

म्हणून आमचा अभिप्राय पुरवणीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. जीर्णोद्धार करताना जुना शिलालेख जपून ठेवतात. त्याचप्रमाणे नवा हंगाम जोडताना जुना हंगाम, त्याच्या मार्गांसह, ज्याने मोल दिले त्याच्या हाती राहिला पाहिजे.