शैलीपत्रक आणि मेन्यू : क्यूटीमधील रूपविचाराची मीमांसा

रूप आणि कार्य यांची फारकत करता येते काय, हा प्रश्न साहित्यविचारापुरता मर्यादित नाही. संगणकाच्या पडद्यावर जी दृश्य रचना उभी राहते, तिच्या बाबतीतही तो तितक्याच आग्रहाने उपस्थित होतो. आज्ञावलीने काय करावे हे एका ठिकाणी लिहावे आणि तिने कसे दिसावे हे दुसऱ्या ठिकाणी, या तत्त्वावर शैलीपत्रकाची, म्हणजेच स्टाईलशीटची, कल्पना आधारलेली आहे. तिचा उगम वेबपृष्ठांच्या मांडणीत आहे. हाकोन व्यूम ली यांनी १९९४ च्या ऑक्टोबरात तिचा प्रस्ताव मांडला आणि १९९६ च्या डिसेंबरात सीएसएसची पहिली पातळी अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. त्यानंतर दहा वर्षांनी, २००६ साली, क्यूटी या साधनसंचाच्या ४.२ या आवृत्तीने हीच कल्पना डेस्कटॉपवरील आज्ञावल्यांसाठी स्वीकारली. या स्वीकारातून काय साधले आणि काय निसटले, याची परीक्षा करावयाची तर मेन्यूसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. कारण मेन्यू हा आज्ञावलीच्या पडद्याचा एक भाग असला, तरी तो सर्वस्वी आज्ञावलीच्या मालकीचा नसतो.

क्यूटीची प्रतिज्ञा प्रथम लक्षात घेतली पाहिजे. १९९५ साली नॉर्वेमधून प्रथम प्रसिद्ध झालेला हा सी प्लस प्लस भाषेतील संच, एकदा लिहिलेली संहिता विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्ही ठिकाणी चालावी यासाठी निर्माण झाला. प्रत्येक ठिकाणी तेथील वहिवाटीप्रमाणे बटणे, याद्या आणि मेन्यू रेखाटण्याचे काम त्यातील ‘क्यूस्टाईल’ नावाचा वर्ग करतो. म्हणजे रूपाचा निर्णय मुळात प्लॅटफॉर्मकडे सोपविलेला आहे. शैलीपत्रक हा निर्णय आज्ञावलीच्या कर्त्याकडे परत आणते. त्यासाठी जी भाषा वापरली जाते, तिची परिभाषा आणि व्याकरण सीएसएसवरून घेतलेले असून विजेटांच्या जगाला साजेल असे फेरफार त्यात केलेले आहेत. आशय, त्याभोवतीची आतली मोकळीक, कडा आणि बाहेरची मोकळीक ही चौपदरी पेटी येथेही आहे. सामान्य नियमावर विशेष नियमाने मात करावी हा संकेतही येथे आहे.

मेन्यूच्या बाबतीत या भाषेने केलेली सोय तुटपुंजी नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. मेन्यूतील प्रत्येक ओळ ‘आयटम’ या उपघटकाने निर्दिष्ट होते. विभाजक रेषेसाठी ‘सेपरेटर’, बरोबरच्या खुणेसाठी ‘इंडिकेटर’, उपमेन्यू दर्शविणाऱ्या बाणांसाठी ‘राइट-अ‍ॅरो’ आणि ‘लेफ्ट-अ‍ॅरो’, लांब मेन्यू सरकविण्यासाठी ‘स्क्रोलर’ असे स्वतंत्र उपघटक आहेत. निवडलेल्या ओळीसाठी ‘सिलेक्टेड’ ही अवस्था आहे. हिचे महत्त्व वेबवरून आलेल्या विद्यार्थ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. वेबवरच्या सवयीने तो ‘होव्हर’, म्हणजे माउसचा बाण वर असण्याची अवस्था, शोधू लागतो. मेन्यू मात्र माउसने जितका चालतो तितकाच कळफलकाने चालतो, आणि ‘सिलेक्टेड’ ही अवस्था दोन्ही मार्गांनी झालेल्या निवडीला लागू पडते. या एका शब्दाच्या निवडीत मेन्यूच्या स्वभावाची खरी जाण दिसून येते. दुर्दैवाने ही जाण सर्वत्र टिकलेली नाही.

पहिली अडचण अंशतः केलेल्या बदलाची आहे. वेबपृष्ठावर एखाद्या परिच्छेदाचा रंग बदलला म्हणून त्याची बाकीची मांडणी कोलमडत नाही. डेस्कटॉपवरचे विजेट मात्र प्लॅटफॉर्मने अखंडपणे रेखाटलेले असते. त्याचा एक तुकडा काढून तेथे दुसरा बसविणे रेखाटणाऱ्या यंत्रणेला शक्य नसते. म्हणूनच काँबोबॉक्स आणि स्क्रोलबार यांच्या बाबतीत क्यूटीच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट सूचना आहे की, एक गुणधर्म किंवा एक उपघटक बदलला तर बाकीचेही बदलले पाहिजेत. मेन्यूची गत फारशी वेगळी नाही. ओळीला थोडी ऐसपैस जागा मिळावी म्हणून कर्ता तिच्या कडा आणि मोकळीक ठरवितो. त्याबरोबर डाव्या बाजूची चित्रखूण, बरोबरची खूण, उजवीकडचा बाण आणि कळफलकावरील संक्षेप यांच्या अंतरांची जबाबदारीही त्याच्यावर येऊन पडते. दोन ओळींत आटोपेल असे वाटलेले काम चाळीस ओळींवर जाते, आणि त्या चाळीस ओळी तीन कार्यप्रणालींवर पुनःपुन्हा तपासाव्या लागतात. एकदाच लिहिण्याची जी प्रतिज्ञा होती, तिला येथे पहिला तडा जातो.

दुसरी अडचण अधिकाराची आहे आणि ती मॅकओएसवर उघडी पडते. १९८४ सालच्या मॅकिंटॉशपासून अ‍ॅपलच्या संगणकांवर मेन्यूबार प्रत्येक खिडकीत न राहता पडद्याच्या माथ्यावर एकच असतो. ही केवळ आवड नव्हे. लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितके ते लवकर गाठता येते, असे पॉल फिट्स यांनी १९५४ साली प्रयोगान्ती दाखविले होते. पडद्याच्या कडेला असलेले लक्ष्य ओलांडून बाण पुढे जाऊच शकत नसल्यामुळे ते व्यवहारतः फार मोठे ठरते. क्यूटीतील मेन्यूबार मॅकओएसवर सामान्यतः या सामायिक पट्टीत विलीन होतो, आणि तसे झाले म्हणजे शैलीपत्रकाचा त्यावर काहीही परिणाम होत नाही. दस्तऐवजात तशी सूचनाच दिलेली आहे. इतकेच नव्हे, तर ‘अबाउट’, ‘प्रेफरन्सेस’, ‘क्विट’ यांसारख्या ओळी कर्त्याने कोठेही ठेवल्या असल्या, तरी त्यांची भूमिका ओळखून त्या आज्ञावलीच्या नावाने असलेल्या मेन्यूत हलविल्या जातात.

यातून जी विसंगती निर्माण होते ती अभ्यासनीय आहे. वरच्या पट्टीतून उघडणारा मेन्यू कार्यप्रणाली रेखाटते. पण माउसच्या उजव्या कळीने उघडणारा मेन्यू क्यूटी स्वतः रेखाटते, आणि तेथे शैलीपत्रक पूर्णपणे चालते. परिणामी ‘कॉपी’ ही एकच आज्ञा एकाच आज्ञावलीत दोन वेषांत दिसते : एकदा प्लॅटफॉर्मच्या आणि एकदा कर्त्याच्या. यावर उपाय उपलब्ध आहे. ‘सेट-नेटिव्ह-मेन्यूबार’ या क्रियेला नकारार्थी मूल्य दिले की मेन्यूबार खिडकीत परत येतो आणि शैलीपत्रकाची आज्ञा मानू लागतो. परंतु येथे रंगासाठी स्थान गमावले जाते. वर्षानुवर्षे ज्या ठिकाणी हात आपोआप वळतो, तेथे वापरणाऱ्याला त्या आज्ञावलीचा मेन्यू सापडत नाही. रूपात केलेल्या बदलाने कार्यालाच धक्का लागतो, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच मिळेल.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे, कारण तिच्यात प्रश्न कर्त्याचा किंवा प्लॅटफॉर्मचा नसून वापरणाऱ्याचा आहे. क्यूटीच्या दस्तऐवजातील नमुन्यात मेन्यूची पार्श्वभूमी राखाडी दिली आहे. लाल, हिरवा व निळा यांची प्रत्येकी १७१ अशी मात्रा आहे. अक्षरांचा रंग मात्र दिलेला नाही. तो रंगपटलाकडून, म्हणजे ‘पॅलेट’कडून, येतो. रंगपटल उजळ असेल तर काळी अक्षरे या राखाडीवर उत्तम वाचता येतात. तेथे उजळपणाचे गुणोत्तर सुमारे ९ येते. पण वापरणाऱ्याने कार्यप्रणालीत गडद रंगसंगती निवडली आणि रंगपटलाने पांढरी अक्षरे पाठविली, की तेच गुणोत्तर सुमारे २.३ वर उतरते. वेबवरील सुगम्यतेच्या २००८ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सामान्य मजकुरासाठी किमान ४.५ ची अपेक्षा ठेवली आहे. ज्याची दृष्टी अधू आहे त्याने उठावदार रंगसंगती निवडलेली असते ती हौसेखातर नव्हे, तर गरज म्हणून. त्याची ती निवड कर्त्याच्या एका ओळीने अर्धीमुर्धी पुसून टाकली जाते. आणि अर्धीमुर्धी पुसली जाणे हे संपूर्ण पुसले जाण्याहून अधिक घातक ठरते, कारण मग अक्षर एकाचे आणि पार्श्वभूमी दुसऱ्याची असा प्रकार होतो.

अक्षरांच्या उंचीबाबतही असेच घडते. रोमन लिपीवर नजर ठेवून ओळीची उंची पिक्सेलांत बांधून टाकली, की देवनागरीतील मेन्यूत वेलांटीचा माथा किंवा उकाराचा पाय कापला जाण्याचा संभव निर्माण होतो; कारण देवनागरी अक्षराला शिरोरेषेच्या वरही जागा लागते आणि खालीही. आज्ञावलीचे मराठी भाषांतर करणाऱ्याच्या हाती शब्द असतात, शैलीपत्रक नसते. त्याने ‘पूर्ववत् करा’ हे कितीही योग्य लिहिले, तरी पडद्यावर ते अपुरेच उमटणार असेल, तर दोष भाषांतराचा नव्हे. त्याला रूपाचा अधिकार नाही आणि रूप ठरविणाऱ्याला त्याच्या लिपीची ओळख नाही. अशी ही फारकत केवळ तात्त्विक राहत नाही.

हा दोष एकट्या क्यूटीचा आहे असे मानणे अन्यायाचे होईल. जीटीकेच्या ३.० या आवृत्तीनेही २०११ साली रूपविधानासाठी सीएसएसचाच आश्रय घेतला. आणि २०१९ साली ग्नोमसाठी आज्ञावल्या रचणाऱ्या काही जणांना, वितरकांनी त्यांवर परस्पर शैलीपत्रके लादू नयेत, अशी जाहीर विनंती करावी लागली. तेथे तक्रार उलट दिशेने आली होती. क्यूटीत कर्ता प्लॅटफॉर्मच्या रूपावर अतिक्रमण करतो. येथे प्लॅटफॉर्मचा वितरक कर्त्याच्या रूपावर करीत होता. जावाएफएक्सनेही सीएसएस स्वीकारले, परंतु मॅकओएसच्या सामायिक पट्टीचा स्वीकार करावयाचा की नाही, हे मेन्यूबारच्या एका स्वतंत्र गुणधर्मावर सोपविले. तिन्ही ठिकाणी वादाचा विषय एकच आहे : मेन्यू कोणाचा?

शैलीपत्रकाच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे तेही विचारात घेतले पाहिजे. चित्रपटातील किंवा छायाचित्रातील रंग पारखण्याचे काम ज्या आज्ञावलीत दिवसभर चालते, तिचा परिसर तटस्थ राखाडी असणे ही सजावट नव्हे. भोवतीचा भडक रंग डोळ्याचा निर्णय बिघडवितो. अशा ठिकाणी प्लॅटफॉर्मचे रूप बाजूला सारण्यास कारण आहे, आणि ते कारण कार्यातूनच निघालेले आहे. शिवाय रंगपटलाच्या मार्गाने इष्ट परिणाम साधेलच अशी हमी क्यूटी देत नाही, कारण प्लॅटफॉर्मची रेखाटणारी यंत्रणा त्याची दखल घेईलच असे नाही. ही हमी शैलीपत्रकच देते. तेव्हा ते टाकून द्यावे, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल.

संस्कृत काव्यशास्त्रात अलंकाराच्या स्थानाविषयी जी चर्चा झाली, ती येथे उपयोगी पडते. मम्मटाने अलंकारांना हारादी दागिन्यांची उपमा दिली. दागिना अंगावर असतो, अंग नसतो. त्याच्या आधी आनंदवर्धनाने, जो अलंकार साधण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही तोच रसाला पोषक, अशी कसोटी सांगितली होती. शैलीपत्रकाची मूळ कल्पना पहिल्या प्रकारची आहे : रूप हा काढता-घालता येणारा दागिना आहे, असे ती गृहीत धरते. मेन्यूच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. निवडलेली ओळ ओळखू येणे, बंद असलेली आज्ञा फिकी दिसणे, बाणावरून उपमेन्यूची चाहूल लागणे, हे सारे मेन्यूचे रूपही आहे आणि कार्यही आहे. त्यातले काहीही बदलावयाचे तर तो वेगळा प्रयत्न असतोच, आणि त्या प्रयत्नाचे ओझे शेवटी वापरणाऱ्यावर पडते.

या विवेचनातून जी कसोटी हाती लागते ती अशी मांडता येईल. मेन्यूसाठी लिहिलेल्या प्रत्येक नियमाला कार्यातून निघालेले कारण देता आले पाहिजे. रंग द्यावयाचा असेल तर पार्श्वभूमी आणि अक्षर दोन्ही द्यावीत, किंवा दोन्ही रंगपटलाकडून घ्यावीत. ‘पॅलेट’ या फलनाने शैलीपत्रकातही रंगपटलाचे रंग वापरण्याची सोय क्यूटीत आहेच. मापे पिक्सेलांऐवजी अक्षराच्या आकाराशी निगडित अशा ‘एम’ या एककात द्यावीत, म्हणजे मोठा टंक किंवा दुसरी लिपी आली तरी ओळ तिला सामावून घेईल. मॅकओएसवर मेन्यूबारला हात लावू नये, आणि उजव्या कळीचा मेन्यू त्याहून फार वेगळा दिसणार नाही अशी दक्षता घ्यावी. या मर्यादा पाळल्यानंतर शैलीपत्रकात बहुधा फार थोड्या ओळी उरतील.

तसे उरणे हा शैलीपत्रकाचा पराभव मानण्याचे कारण नाही. वेबपृष्ठ हे एका कर्त्याचे असते. त्यावर त्याने आपली मुद्रा उमटवावी हे स्वाभाविक आहे. मेन्यू मात्र कर्ता, प्लॅटफॉर्म आणि वापरणारा या तिघांच्या सामायिक वहिवाटीतून घडलेला असतो. सीएसएसची भाषा क्यूटीत आणणाऱ्यांनी तिचे व्याकरण कुशलतेने आणले. परंतु ज्या एकट्या कर्त्याला ती भाषा मुळात उद्देशून होती, तो कर्ता डेस्कटॉपवर एकटा नसतो, ही गोष्ट त्या व्याकरणात कोठे सांगितलेली नाही. ती शैलीपत्रक लिहिणाऱ्यानेच ध्यानात ठेवावी लागते.