शेतमजुराचा रोज: हे ३०३.५ रुपये नेमके कोणाचे?

माझ्या पीएचडीचा विषय शेतमजुरी आहे असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग सध्या रोज काय चालू आहे?" विचारणारा सिंदी (रेल्वे) परिसरातला शेतकरी असेल तर उत्तरही तोच देतो, आणि वर "एवढं देऊनही माणूस भेटत नाही" असं जोडतो. विचारणारा पुण्या-मुंबईचा असेल तर त्याला एक आकडा हवा असतो.

असा आकडा आहे. रिझर्व्ह बँक राज्यांविषयीची एक सांख्यिकी पुस्तिका काढते. तिच्यात २०२२-२३ साठी महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण शेतमजुराची सरासरी दैनिक मजुरी ३०३.५ रुपये दिली आहे. देशाची सरासरी ३४५.७, केरळची ७६४.३, मध्य प्रदेशची २२९.२. त्यावरून बातम्या होतात, अग्रलेख होतात, आणि आमच्यासारख्यांच्या प्रबंधांत पहिल्या प्रकरणात एक तक्ता होतो.

हा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्न तुम्ही-आम्ही विचारलेलाच नसतो. ते कसं, हे वर्धा जिल्ह्यातल्या कपाशी-सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात उभं राहून पाहू.

आकडा येतो कुठून?

रिझर्व्ह बँक स्वतः मजुरी मोजत नाही. हे आकडे केंद्राच्या लेबर ब्युरोचे असतात. २०२२-२३ च्या या आकड्यांसाठी २० राज्यांतल्या ६०० नमुना गावांतून दर महिन्याला कामनिहाय मजुरीचे दर गोळा झाले: नांगरणी, पेरणी-निंदण, कापणी-मळणी, वेचणी, वगैरे. ते आठ तासांच्या दिवसाचा दर म्हणून नोंदवले जातात. माहिती घेतली जाते गावातल्या जाणत्या माणसांकडून. मग मिळालेल्या दरांची साधी सरासरी काढतात. त्या दराने किती माणसांनी किती दिवस काम केलं, याचं वजन त्या सरासरीत नसतं.

म्हणजे हा गावात "चालू असलेला" दर झाला. भाजीबाजारातला भाव असतो तसा. भाव ४० रुपये किलो आहे यावरून तुमच्या घरात किती भाजी आली हे कळत नाही. तसंच या दरावरून एखाद्या घरात वर्षाला किती मजुरी आली हे कळत नाही. ब्युरोनं तसा दावाही केलेला नाही. दावा आपण करतो, "महाराष्ट्रातला शेतमजूर दिवसाला ३०३ रुपये कमावतो" असं लिहून.

पहिली गळती: बाया

पुस्तिकेतला तो तक्ता पुरुषांच्या मजुरीचा आहे. लेबर ब्युरो बायांचे दर वेगळे नोंदवतं आणि छापतंही. पण सगळ्यांच्या हाताशी असलेल्या पुस्तिकेत पुरुषांचाच रकाना येतो, आणि उद्धृत होताना "पुरुष" हा शब्दही गळून पडतो.

२०११ च्या जनगणनेत देशात १४.४३ कोटी शेतमजूर होते. काम करणाऱ्या दर १०० पुरुषांपैकी सुमारे २५ शेतमजूर होते. काम करणाऱ्या दर १०० स्त्रियांपैकी ४१. आपल्याकडे कपाशीच्या वावरात तर निंदण आणि वेचणी ही दोन्ही मोठी कामं बायांचीच. डवरणी, फवारणी, पोती उचलणं पुरुषांचं. कामं वाटलेली असली की दर वेगळे ठेवायला आयतं कारण मिळतं. १९७६ चा समान वेतन कायदा "समान काम" म्हणायचा; इथे काम समान नाहीच, असं उत्तर तयार असायचं. दिवसभर वाकून निंदण करणं हे फवारणीपेक्षा हलकं काम आहे, हे कोणी आणि कशानं मोजलं, ते मात्र विचारायचं नाही.

दुसरी गळती: किलो

कापूस वेचणी बहुतेक ठिकाणी रोजानं होत नाही, किलोनं होते. समजा दर किलोला १० रुपये आहे. पहिल्या-दुसऱ्या वेच्याला बोंडं भरगच्च फुटलेली असतात. सरावलेल्या हाताची बाई दिवसात ४० किलो वेचते असं धरा: ४०० रुपये. शेवटच्या वेच्याला झाडावर बोंडं तुरळक, त्यात कवडी जास्त. त्याच बाईच्या ओटीत २० किलोच येतो. २०० रुपये. मजूर टिकावेत म्हणून शेतकऱ्यानं दर १२ केला, तरी २४०. (हे आकडे हिशोब समजण्यापुरते घेतले आहेत, सर्वेक्षणातले नाहीत.)

आता या बाईचा "रोज" किती लिहायचा? किलोचा दर वाढला तेव्हाच तिची दिवसाची मिळकत घटली. तक्त्यात मात्र वाढ दिसू शकते. शिवाय लेबर ब्युरोच्या यादीत वेचणीचा रकाना चहा, कापूस, तंबाखू आणि इतर नगदी पिकं यांचा एकत्र आहे.

शेतकऱ्याची बाजूही याच हिशोबात बघा. किलोला १० रुपये म्हणजे क्विंटलला १,००० रुपये. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. म्हणजे नुसत्या वेचणीत हमीभावाचा सातवा-आठवा हिस्सा गेला. बियाणं, खत, फवारणी अजून बाकीच. "मजुरी परवडत नाही" हे त्याचं म्हणणं खरं, आणि "मजुरी पुरत नाही" हे तिचंही खरं. दोघांपैकी एक खोटं बोलतंय असं गृहीत धरून लिहिलेले लेख मला म्हणूनच पटत नाहीत.

तिसरी गळती: दिवस

मजुरीचा दर आणि मजुरीची मिळकत यांच्यामध्ये कामाचे दिवस उभे असतात. पुन्हा समजा: एका बाईला आधी २०० रुपयांनी वर्षात १८० दिवस काम मिळायचं. ३६,००० रुपये. आता ३०० रुपयांनी ११० दिवस मिळतं. ३३,००० रुपये. दर दीडपट झाला आणि घरात येणारा पैसा कमी झाला, तोही महागाई न धरता.

दिवस कमी होतात ते कशानं? तणनाशकानं निंदणाच्या पाळ्या खाल्ल्या. सोयाबीनची कापणी एकरी हुंड्यानं टोळीला दिली जाते. काम दोन दिवसांत उरकतं आणि मळणी यंत्रावर होते. उरलं काय, तर थोड्या आठवड्यांत एकदम उसळणारी गरज. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांच्याच वावरात तण, दिवाळीनंतर सगळ्यांचीच पऱ्हाटी फुटलेली. त्या आठवड्यांत माणूस खरंच भेटत नाही. मात्र त्या आठवड्यांवरून "मजूर आळशी झाले, योजनांनी बिघडवले" असा निष्कर्ष काढणं म्हणजे दिवाळीतली एसटीची गर्दी बघून वर्षभर बस भरलेल्या असतात असं म्हणणं. ज्याला बुटीबोरीच्या एमआयडीसीत बारमाही काम मिळण्यासारखं आहे, तो वर्षातले चार-सहा आठवडे बरा रोज मिळतो म्हणून गावात का थांबेल? थांबतात त्या ज्यांना घर सोडून जाता येत नाही त्या. मजुरांमध्ये बाया आणि वयस्क जास्त का दिसतात, याचा एक धागा इथे आहे.

सालगड्याचं तर या तक्त्यात नावच नाही. पाडव्याला वर्षाचा करार होतो. रोख, काही ठिकाणी धान्य, आधी घेतलेली उचल, असा सगळा मिळून. दिवसाच्या दराच्या तक्त्यात तो बसणार कुठे?

"शेतमजूर" कोण?

हा घोळ जुना आहे. १९५०-५१ मध्ये देशात पहिली शेतमजूर चौकशी झाली, १९५६-५७ मध्ये दुसरी. पुरुषाची सरासरी मजुरी १०९ पैशांवरून ९६ पैशांवर आली, बाईची ६८ वरून ५९ वर, असा निष्कर्ष निघाला. सालदार-गड्यांचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून सुमारे २७ टक्क्यांवर गेलं. सहा वर्षांत एवढी उलथापालथ? डॅनियल आणि ॲलिस थॉर्नर यांनी या चौकशांची कठोर चिरफाड केली. १९६२ च्या 'लँड अँड लेबर इन इंडिया' या पुस्तकात ती वाचायला मिळते. पहिल्या चौकशीत शेतमजूर कुटुंब ठरवलं होतं कामाच्या दिवसांवरून, दुसऱ्या चौकशीत उत्पन्नावरून. व्याख्या बदलली की माणसं इकडची तिकडे जातात, आणि मग तो फरक देशात झालेला बदल आहे की कागदावर झालेला, हे सांगता येत नाही.

आज काय आहे? जनगणना माणसाला एकच मुख्य रकाना देते. दुसऱ्याच्या शेतात मजुरीवर, जोखीम न घेता काम करणारा तो शेतमजूर. कसण्याची जोखीम घेणारा तो शेतकरी. २००१ मध्ये देशात शेतकरी १२.७३ कोटी आणि शेतमजूर १०.६८ कोटी होते. २०११ मध्ये शेतकरी ११.८८ आणि शेतमजूर १४.४३ कोटी. पारडं फिरलं. अनुसूचित जातींच्या कामकऱ्यांत तर दर १०० मागे सुमारे ४६ शेतमजूर आणि १५ शेतकरी. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही, म्हणून आजही आपण हेच आकडे वापरतो.

पण दोन एकर कोरडवाहू असलेली आणि वर्षातले चार महिने दुसऱ्याच्या वावरात जाणारी बाई कोणत्या रकान्यात? २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरी-वेतनातून (शेतीतलं आणि बाहेरचं मिळून) ४,०६३. म्हणजे ज्यांना आपण शेतकरी म्हणतो त्यांच्याही घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त. आणि ज्यांच्या घरी स्वतःचं शेतीउत्पादन वर्षाला ४,००० रुपयांच्या वर नाही, ती कुटुंबं या सर्वेक्षणात धरलेलीच नाहीत. निव्वळ भूमिहीन मजूर तिथूनही बाहेर.

आणि सिंदीचं काय?

सिंदीला नगरपरिषद आहे. म्हणून सरकारी हिशोबात ते शहर. लेबर ब्युरोची मजुरी ग्रामीण, वरचं सर्वेक्षणही ग्रामीण. सिंदीच्या एखाद्या वॉर्डातून सकाळी गाडीत बसून शेजारच्या गावच्या वावरात वेचणीला जाणारी बाई ही दोन्हीकडे नाही. गाडीभाडं शेतकऱ्यानं मजुरीत धरलं तर गावातल्या दरात ते दिसेल, तिच्या हातात पडणार नाही.

हे नुसतं आकडेवारीचं दुखणं नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्यानं १०० दिवसांची हमी दिली ती ग्रामीण कुटुंबांना. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात त्या कामाचा रोज २९७ रुपये होता. गंमत अशी की महाराष्ट्राच्या आधीच्या रोजगार हमी योजनेत 'क' वर्ग नगरपरिषदांचं क्षेत्रही धरलेलं होतं. लहान गावाला नगरपरिषद मिळाली म्हणून तिथल्या माणसांचं काम बदलत नाही, हे सत्तरच्या दशकातल्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. सिंदीच्या ड्राय पोर्टवरून रोजगाराची मोठी चर्चा होते. ज्यांची आजची मजुरी कुठेच नोंदलेली नाही, त्यांचं उद्या भलं झालं की वाईट, हे आपण कशाशी ताडून बघणार आहोत?

व्याख्येची किंमत

वर्धा हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या आहेत. त्यात शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. तरी आपल्या बोलण्यात शब्द येतो तो "शेतकरी आत्महत्या". राज्य सरकारची १ लाख रुपयांची मदत जमीन आणि कर्ज बघून ठरते. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमीनधारक कुटुंबांना. सातबारा नाही, तर यातलं काहीच नाही. कोण कोणत्या रकान्यात पडतो यावर इतकं अवलंबून असताना "सरासरी रोज ३०३" एवढ्यावर थांबणं मला तरी परवडण्यासारखं वाटत नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. पुस्तिकेत पुरुषांशेजारी बायांचा रकाना छापा. तो लेबर ब्युरोकडे आहेच. कापूस वेचणी चहापासून वेगळी करा आणि किलोचा दर व दिवसाचे किलो दोन्ही विचारा. दरासोबत कामाचे दिवस मोजा. आणि सिंदीसारख्या लहान नगरपरिषदांची गावं नमुन्यात घ्या.

तुम्ही कपाशीच्या भागातले असाल आणि तुमच्याकडचा दर मला कळवणार असाल, तर नुसता दर नको. कितवा वेचा होता, दिवसाला किती किलो झाला, गाडीभाडं कोणी दिलं, आणि त्या बाईला त्या महिन्यात किती दिवस काम होतं, तेही लिहा. जमलं तर तिलाच विचारून लिहा.