इतिहासातला ‘जर’ आणि मराठवाड्यातला मुसलमान

‘इतिहासात जर-तरला स्थान नाही’ हे वाक्य आपल्याकडे अभ्यासक आणि पुढारी दोघेही वापरतात. ललित साहित्यावर मात्र ते बंधन नाही. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ते दाखवून दिले. 1761 साली पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी चाटून निघून जाते, मराठे जिंकतात आणि पुढचा सगळा इतिहास फिरतो. इंग्रजांचे राज्य देशभर पसरत नाही, मुंबई तेवढी त्यांच्याकडे राहते. दिल्लीचा बादशहा नाममात्र उरतो आणि कारभार संसदेकडे जातो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत या दुसऱ्या हिंदुस्थानात जाऊन पोचतात.

या कथेत आम्हाला मोलाचे वाटते ते हे की, लेखक विजयाशी थांबत नाही. गुलामी टळलेला देश लोकशाहीपर्यंत येतो की नाही, हे तो पाहतो. तख्तावर कोण बसले यापेक्षा सत्ता अखेर कोणाच्या हाती आली, ही त्याची कसोटी आहे. ‘जर’च्या कोणत्याही साहित्याला हीच कसोटी लावली पाहिजे, असे आमचे मत आहे.

कंधारात बसून पानिपताचा विचार करताना मात्र आमचे लक्ष इब्राहिमखान गारद्याकडे जाते. फेब्रुवारी 1760 मध्ये आमच्या शेजारच्या उदगीरला त्याचा तोफखाना सदाशिवरावभाऊंच्या बाजूने निजामाविरुद्ध लढला. वर्षभरात तो पानिपतावर मराठ्यांसाठी उभा राहिला, पकडला गेला आणि मारला गेला. दोन्ही वेळा समोरचा शत्रू मुसलमानच होता. त्याला वगळले की पानिपताची लढाई दोन धर्मांची वाटू लागते. म्हणजे ‘जर’ मांडण्याआधी जे घडले ते पुरते ठाऊक असावे लागते.

आमच्या मुलखाचा स्वतःचा ‘जर’ 1947 चा आहे. हैदराबाद ही नावापुरती इंग्रजांची वसाहत नव्हती, पण त्यांच्या सार्वभौमत्वाखालचे संस्थान होते. 15 ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, तेव्हा कंधार निजामाच्या राज्यात होते. 29 नोव्हेंबर 1947 चा जैसे थे करार, 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई आणि 26 जानेवारी 1950 चे प्रजासत्ताक, या वाटेने आम्ही भारताचे नागरिक झालो. यावर बोलताना दोन ‘जर’ हमखास कानी पडतात.

पहिला आपल्याच काही घरांतला: हैदराबाद स्वतंत्र राहिले असते तर! मग हाली सिक्का निघतो, उस्मानिया विद्यापीठ निघते. ही आठवण खोटी नाही, पण तिला वरची कसोटी लावून पाहावी. ते राज्य प्रजेचे होणार होते काय? 1939 च्या सुधारणांत बहुसंख्य हिंदूंना आणि अल्पसंख्य मुसलमानांना सारख्या जागा देऊ केल्या होत्या. अंतिम अधिकार मात्र निजामाकडेच राहणार होता. हाजी सय्याह सरवरांच्या दर्ग्यापाशी फुले विकणारा गरीब मुसलमान त्या राज्यात रयतच राहिला असता. राजाचा धर्म आपला असला म्हणून राज्य आपले होत नाही.

दुसरा ‘जर’ बाहेरचा: पोलीस कारवाई झाली नसती तर! त्यात प्रत्येक मुसलमान रझाकार ठरतो. रझाकारांनी जुलूम केले, हे आम्ही आडपडदा न ठेवता मान्य करतो. लातूरचा वकील कासीम रझवी त्यांचा म्होरक्या होता. पण विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांच्याच हातून मारले गेले, हे या कथनात येत नाही. कारवाईनंतर नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. हे मेलेले लोक दुसऱ्या ‘जर’मध्येही कोठे दिसत नाहीत.

दोन्ही कल्पना अपुऱ्या आहेत, कारण दोन्ही सामान्य माणसाला वगळून राजा आणि फौज यांच्यावर संपतात. आम्हाला तिसरा ‘जर’ हवा आहे. जून 1947 मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचे फर्मान काढण्याऐवजी जबाबदार राज्यपद्धती मान्य केली असती तर? स्वामी रामानंद तीर्थांना तुरुंगात न टाकता त्यांच्याशी बोलणी केली असती तर? ना रझाकारांची दहशत, ना तिचा सूड. शोएबुल्लाखान म्हातारे होईपर्यंत अग्रलेख लिहीत राहिले असते. आणि 17 सप्टेंबरच्या झेंड्याखाली उभ्या राहणाऱ्या आमच्या मुलाला ‘तुमचे लोक तेव्हा कोठे होते?’ असे कोणी विचारले नसते.

नरहर कुरुंदकरांनी ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’मध्ये या काळाची वैचारिक चिकित्सा केली. कल्पनेचे काम मात्र बाकी आहे. 1990 साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सुरू झाल्यापासून आपण प्रामुख्याने आपले भोगलेले लिहिले. ते आवश्यकच होते. पण सतत साक्ष देत राहिलेला माणूस लेखक असूनही आरोपीच्याच पिंजऱ्यात उभा राहतो. घडू शकले असते ते लिहिणे म्हणजे घडलेल्यावर पांघरूण घालणे नव्हे. दुसरी वाट होती आणि ती आपल्यातल्या काहींनी जीव देऊन दाखवली, हे सांगणे आहे. ही कादंबरी मराठीतच यावी आणि आपल्या लेखकाने लिहावी, अशी आमची अपेक्षा आहे.