चालले म्हणजे झाले?

बीड जिल्ह्यातल्या एका तालुका विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. दोन मुलांनी पाण्याच्या टाकीसाठी भोंगा केला होता. टाकी भरत आली की पाणी दोन तारांना टेकते, ट्रान्झिस्टर चालू होतो आणि बझर वाजतो. टँकरच्या पाण्याचा थेंबही सांडू नये, म्हणून ही युक्ती. आमच्यासमोर भोंगा वाजला. आम्ही भरपूर गुण दिले. दुपारी उपकरण दुसऱ्या टेबलावर हलवले आणि ते गप्प झाले. बोर्ड उलटा करून भिंगातून पाहिले, तेव्हा ट्रान्झिस्टरच्या एका पायाभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल भेग दिसली. सकाळी तो पाय नुसता टेकलेला होता, जोडलेला नव्हता.

मुलांच्या चुकीपेक्षा आमची चूक मोठी होती. आम्ही एकच प्रश्न विचारला : चालते का? शाळेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मूल्यमापनावर आमचा आक्षेप आहे तो नेमका हाच. वर्गात, प्रात्यक्षिकात, प्रदर्शनात ही एकच परीक्षा असते. आणि तिला दोष दिसतात त्याहून जास्त निसटतात.

कारखान्यात असे चालत नाही. तेथे आधी दोषांची यादी करतात आणि मग प्रत्येक दोष कशाने सापडेल ते ठरवतात. सुटा भाग बसलाच नाही, उलटा बसला, शेजारचे दोन जोड सोल्डरने एकमेकांना चिकटले, हे कॅमेरा पाहतो आणि चांगल्या बोर्डाच्या चित्राशी ताडून पाहतो. काही चिपांचे जोड चिपच्या पोटाखाली असतात. तेथे कॅमेरा आंधळा, म्हणून क्ष-किरण. भाग जागेवर आहे, पण 1 किलोओहमऐवजी 10 किलोओहमचा आहे, हे विजेने मोजून कळते. त्यासाठी खिळ्यांच्या पाटासारखे साधन बोर्डाला खालून टेकवतात. असा पाट प्रत्येक बोर्डासाठी वेगळा व महाग असतो, त्यामुळे तो हजारोंच्या उत्पादनालाच परवडतो. थोडेच बोर्ड असतील तर हलत्या सुया एकेका बिंदूला टेकवून मोजतात. त्याला वेळ जास्त लागतो. 'चालते का?' हा प्रश्न अखेरीस येतो. तो आवश्यक आहे, पण एकटा पुरेसा नाही.

आपल्या शिकवण्यातला दुसरा एक नियमही तपासून घ्यायला हवा : 'चकाकणारा जोड चांगला, निस्तेज जोड कच्चा.' कथील आणि शिशाच्या सोल्डरला हा नियम बराचसा लागू पडत असे. ते सुमारे 183 अंश सेल्सिअसला वितळते. युरोपीय संघाने 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंधन घातले आणि बिनशिशाचे सोल्डर जगभर पसरले. कथील, चांदी आणि तांब्याचे हे मिश्रण सुमारे 217 अंशांना वितळू लागते, आणि त्याचा उत्तम जोडही थोडा निस्तेज, खरबरीत दिसतो. म्हणून चकाकीपेक्षा आकार पाहावा. सोल्डर तांब्यावर आणि पायावर पसरून कडेला उतरते झालेले असावे. थेंबासारखे गोळा होऊन बसलेले नसावे.

गंमत अशी, की हेच आपण शिक्षक निवडणुकीच्या कामावर अधिक शहाणपणाने वागतो. बीड लोकसभा मतदारसंघात 13 मे 2024 रोजी मतदान झाले. त्या सकाळी केंद्राकेंद्रावर प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचे होते : किमान 50 मते टाकायची, निकाल चिठ्ठ्यांशी जुळवायचा आणि मग ती मते पुसायची. त्याच्या कितीतरी आधी यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते जिल्ह्यात प्रथमस्तरीय तपासणी करतात. त्या वेळी काही निवडक यंत्रांवर तर प्रत्येकी 500 ते 1200 मते टाकून पाहतात. एवढे होऊनही राखीव यंत्रे तयार ठेवावी लागतात. 50 मतांची परीक्षा त्या घटकेपुरते सांगते. दुपारच्या उन्हात तापून सैल होणारा जोड ती दाखवू शकत नाही. (यंत्रात कोणी फेरफार केला का, हा प्रश्न निराळा, त्याला तपासणीही निराळी लागते.)

शाळेत क्ष-किरण नकोत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मल्टिमीटर आणि पेन्सिल पुरे. बॅटरी जोडण्यापूर्वी भिंगाने उलटे भाग आणि चिकटलेले जोड शोधावेत. मग बॅटरीच्या दोन टोकांच्या जागांमधला रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य आला तर बॅटरी लावूच नये. जोड तपासताना मल्टिमीटरचे टोक पायावर दाबू नये, कारण दाबाने भेग तेवढ्यापुरती मिटते आणि कच्चा जोड पास होतो. एक टोक तांब्याच्या पट्टीवर, दुसरे पायावर अलगद ठेवावे आणि भाग हळूच हलवावा. शेवटी उपकरण चालू करून पेन्सिलीने टिचक्या माराव्यात. आमच्या मुलांचा भोंगा या शेवटच्या परीक्षेत बहुधा सकाळीच सापडला असता.

याला फारतर दहा मिनिटे लागतात. तेवढी आम्ही दिली नाहीत, आणि ती मुले 'आपले नशीब खराब' असे म्हणत घरी गेली. विज्ञानाच्या प्रदर्शनातून मुलांनी हा धडा घेऊन जावा, याचे आम्हाला फार वाईट वाटले. पुढच्या वेळी 'चालते का?' याच्या आधी आम्ही विचारणार आहोत : यात काय काय बिघडू शकेल, आणि ते तू कशाने शोधलेस? जे मूल याचे उत्तर देईल त्याचा भोंगा त्या दिवशी वाजला नाही, तरी आम्ही त्याला गुण देऊ.