वॉबल टू डेथ

पीटर लव्हसी (१९३६–२०२५) ह्या इंग्रज लेखकाची ऐतिहासिक रहस्यकादंबरी (१९७०). पहिल्या रहस्यकादंबरीसाठी मॅकमिलन व पँथर ह्या प्रकाशनसंस्थांनी ठेवलेले एक हजार पौंडांचे पारितोषिक तिला मिळाले. तत्पूर्वी लव्हसीने द किंग्ज ऑफ डिस्टन्स (१९६८) हा दीर्घ पल्ल्याच्या पाच धावपटूंवरील ग्रंथ लिहिला होता. कादंबरीतील तपशिलांचा भरीवपणा त्या व्यासंगातून आलेला आहे.

कथानक १८७९ मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागातील अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये घडते. सहा दिवस, सहा रात्री चालत वा धावत राहून अधिकाधिक अंतर कापण्याच्या शर्यती त्या काळी तेथे खरोखरच होत. १८७८ मध्ये डॅनियल ओलिअरी ह्याने ५२० मैल (सु. ८३७ किमी.), तर पुढील वर्षी एडवर्ड पेसन वेस्टन ह्याने ५५० मैल (सु. ८८५ किमी.) अंतर तोडले. दमून लटपटणाऱ्या स्पर्धकांची चाल शीर्षकातील ‘वॉबल’ ह्या शब्दाने सुचविली आहे. ह्या चालीवर पैजा लागत व तिकिटे खपत.

कादंबरीत कॅप्टन चॅडविक हा उच्चवर्गीय व डॅरेल हा पोटासाठी चालणारा स्पर्धक ह्यांच्यात मुख्य झुंज आहे. डॅरेल कोसळतो. पायाच्या फोडांतून धनुर्वात झाला असावा, असे प्रथम वाटते. शवचिकित्सेत मात्र स्ट्रिक्नीन आढळते. काजऱ्याच्या बियांत असणारे हे विष अल्प मात्रेत उत्तेजक म्हणून दिले जाई. १९०४ च्या सेंट लूइस ऑलिंपिकमधील मॅराथॉन विजेता टॉमस हिक्स ह्यालाही ते शर्यतीदरम्यान देण्यात आले होते. त्याने येणारे आचके धनुर्वाताच्या झटक्यांसारखेच असतात. औषध आणि विष एकाच बाटलीत असल्याने संशयाचे जाळे आपोआप पसरते. लेखकाला ते ओढूनताणून विणावे लागत नाही. कादंबरीची खरी शक्ती येथे आहे. कित्येक क्रीडाविषयक रहस्यकथांत मैदान म्हणजे केवळ रंगविलेला पडदा असतो. येथे स्पर्धा काढून घेतली, तर गुन्हाच उरत नाही. मृत्यूनंतरही शर्यत थांबविली जात नाही, ही गोष्ट लेखक कोणतेही भाष्य न करता नोंदवितो आणि ती खुनापेक्षा अधिक बोचते.

तपास करणारा सार्जंट क्रिब व त्याचा साहाय्यक थॅकरे हे स्कॉटलंड यार्डचे साधे नोकर आहेत. १८७७ मध्ये घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांच्या फसवणुकीत यार्डच्या तीन गुप्तहेर अधिकाऱ्यांना शिक्षा झाली व पुढील वर्षी त्या विभागाची पुनर्रचना करण्यात आली. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, म्हणजे पैजांच्या जगात वावरणाऱ्या क्रिबच्या सावधपणाला वेगळा अर्थ येतो. शेरलॉक होम्सच्या तर्कचमत्कारांवर वाढलेल्या वाचकास तो काहीसा फिका वाटेल. परंतु चिकाटी हाच त्याचा गुण असून तो शर्यतीशी सुसंगत आहे. स्त्रीपात्रे मात्र पुसट आहेत. उत्तरार्धात मैलांचे हिशेब व जाबजबाब एकमेकांच्या वाटेत येतात.

मराठीत ह्या प्रकाराची परंपरा दृढ झालेली दिसत नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार व काळा पहाड प्रामुख्याने समकालीन शहरात वावरले, तर ऐतिहासिक कादंबरी मुख्यतः गडकोट व राजकुले ह्यांभोवती फिरली. साधनसामग्रीची वाण नव्हती : शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले खासबाग कुस्ती मैदान, अमरावतीचे १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, मुंबईचे १९४६ पर्यंत खेळले गेलेले जातवार पंचरंगी क्रिकेट सामने. मल्लाचा खुराक, आश्रयदात्याची प्रतिष्ठा व पैज ह्यांत डॅरेलच्या बाटलीइतकेच रहस्य दडलेले असू शकते.

क्रिबमालिकेतील पुढील द डिटेक्टिव्ह वोअर सिल्क ड्रॉअर्स (१९७१) ही कादंबरी उघड्या मुठींच्या बेकायदेशीर मुष्टियुद्धावर आहे. वॅक्सवर्कला (१९७८) ब्रिटिश गुन्हेकथालेखक संघटनेचे रौप्य पारितोषिक मिळाले. तीत खेळ उरलेला नाही.