फाइव्ह लिटल पिग्ज

ॲगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) ह्या इंग्रज लेखिकेची रहस्यकादंबरी. १९४२ मध्ये ती अमेरिकेत मर्डर इन रेट्रॉस्पेक्ट ह्या नावाने प्रसिद्ध झाली; तिचे इंग्लंडमधील नाव लहान मुलांच्या पायाची बोटे मोजताना म्हणावयाच्या एका बडबडगीतावरून घेतलेले आहे. न्यायालयाने खुनी ठरविलेली स्त्री निर्दोष होती काय, ह्याचा सोळा वर्षांनंतर घेतलेला शोध हा तिचा विषय होय.

कार्ला ही एकवीस वर्षांची तरुणी एर्क्यूल प्वारो ह्या गुप्तहेराकडे येते. तिची आई कॅरोलिन क्रेल हिने आपला चित्रकार पती एमियस ह्याला बिअरमधून विष दिले, असा निवाडा झालेला असतो. जन्मठेपेची शिक्षा भोगत असता वर्षभरातच कॅरोलिन तुरुंगात मरण पावते. मात्र मुलगी सज्ञान झाल्यावर तिला द्यावे म्हणून लिहून ठेवलेल्या पत्रात आपण निरपराध असल्याचे ती सांगते. घटनेच्या वेळी तेथे असलेल्या पाच व्यक्ती हयात आहेत. प्वारो आधी वकिलांना व पोलीस अधिकाऱ्यांना भेटतो, नंतर त्या पाचजणांना, आणि अखेर प्रत्येकाकडून घटनेची लेखी हकिकत मिळवितो. ताजा भौतिक पुरावा हाती नसल्याने ह्या हकिकतींचे वाचन हाच तपास ठरतो. कादंबरीचा मोठा भाग त्यांनीच व्यापलेला असून एकच दुपार पाच वेळा सांगितली जात असतानाही ती कंटाळवाणी होत नाही. कारण प्रत्येक निवेदक एमियसविषयी सांगता सांगता स्वतःलाच उघडे करतो.

पोलिसांनी पुरावा दडपला वा साक्षीदार खोटे बोलले, असे येथे काही घडलेले नाही. चूक झाली ती खऱ्या साक्षींतून. कॅरोलिनने बाटली पुसली आणि तिच्यावर मृताच्या बोटांचे ठसे उमटविले, हे घरातील शिक्षिकेने पाहिले होते. ही स्त्री कॅरोलिनच्या बाजूची असूनही मनोमन तिला दोषी धरून बसते. प्वारो त्याच कृतीचा उलटा अर्थ लावतो. विष बाटलीत नव्हते, पेल्यात होते. ते कोठे घातले हे खऱ्या गुन्हेगाराला ठाऊक असणार. तेव्हा बाटली पुसणारी स्त्री गुन्हेगार असू शकत नाही. आपली धाकटी सावत्र बहीण अँजेला हिनेच हे कृत्य केले, अशी कॅरोलिनची समजूत झालेली होती. लहानपणी मत्सराच्या भरात तिने अँजेलावर कागददाब फेकून मारला होता आणि त्या आघाताने बहिणीचा चेहरा कायमचा विद्रूप झाला होता. ते ऋण फिटत आहे, ह्या समाधानाने ती खटल्यात प्रतिकारच करीत नाही. बचावाच्या वकिलाला ही तिची निष्क्रियता अपराधाची कबुलीच वाटते. न्यायालयाच्या चुकीत दंडितेचाही असा वाटा असणे, ही ह्या कादंबरीची सर्वांत मोलाची कल्पना होय. गुप्तहेरकथेच्या वाचकाला तिच्यात एक कोडे सापडते. शोकांतिकेच्या वाचकाला त्याहून अधिक काही.

कोनीन ह्या हेमलॉकमधील विषाची निवडही सहेतुक आहे. पहिल्या महायुद्धकाळात ख्रिस्तीने औषधालयात काम केलेले असल्याने विषांचे तिचे ज्ञान पुस्तकी नव्हते. ह्या विषाने शरीर लुळे पडत जाते, शुद्ध मात्र राहते. आपल्याला टाकून दिले जाणार हे कळलेली एल्सा एमियसला विष देते आणि चित्रासाठी त्याच्यासमोर बसून राहते. मरणाऱ्या माणसाकडे पाहणारी ती मुद्रा त्या चित्रात उतरली आहे, असे प्वारोला दिसते. चित्राचा पुरावा म्हणून केलेला हा उपयोग न्यायालयात टिकला नसता, परंतु वाचकाच्या मनातून तो जात नाही.

दोषही आहेत. स्वभाव कळला की गुन्हा कळला, हे प्वारोचे गृहीतक लेखिका कोठेच कसाला लावत नाही. न्याययंत्रणेविषयी तिला प्रश्न पडत नाहीत. वकील सारे सभ्य, पोलीस सारे प्रामाणिक. ऑस्कर स्लेटर ह्यास १९०९ मध्ये ग्लासगो येथील खुनाबद्दल दोषी ठरविण्यात आले. आर्थर कॉनन डॉइलने त्याची बाजू मांडणारी पुस्तिका १९१२ मध्ये लिहिली, तरी ती शिक्षा रद्द होण्यास १९२८ साल उजाडावे लागले. त्या लढ्यातील धग ह्या कादंबरीत नाही. १९५० मध्ये फाशी गेलेल्या टिमथी एव्हान्सला १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली; त्यानंतरचा वाचक कॅरोलिनची कथा अधिक अस्वस्थ होऊन वाचतो, हे श्रेय मात्र इतिहासाचे. शेवटीही प्वारोपाशी निर्णायक पुरावा नसतो. एल्सा मोकळीच राहते, पण तिच्या जगण्यातील रस कधीच आटलेला असतो.

कथास्थळाच्या वर्णनात लेखिकेच्या डेव्हनमधील ग्रीनवे ह्या घराच्या बागेचा उपयोग केलेला आहे. कादंबरीवरून ख्रिस्तीनेच गो बॅक फॉर मर्डर (१९६०) हे नाटक रचले आणि त्यातून प्वारोला वगळले. २००३ च्या ब्रिटिश दूरचित्रवाणी रूपांतरात कॅरोलिनला फाशी दिल्याचे दाखविले आहे. त्यामुळे करुणरस गडद होतो. परंतु तुरुंगातील तिच्या शांत वर्षाचे मर्म त्यात हरवते.