हॉलमध्ये अडकलेली मालिका

मराठी मालिका नाटकाच्या तालमीत वाढली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीत मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा केंद्राला नट शोधायला लांब जावं लागलं नाही. गिरगावात साहित्य संघ, दादरला शिवाजी मंदिर, परळला दामोदर हॉल आणि थोड्याच वर्षांत छबिलदास शाळेतला प्रायोगिक रंगमंच. 'गजरा' किंवा 'चिमणराव गुंड्याभाऊ' आठवून पाहा. त्यातल्या प्रत्येक विरामामागे तालीम जाणवते. विनय आपटे दूरदर्शनवर निर्माते होते आणि रंगभूमीवर दिग्दर्शक. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली तेव्हा 'आभाळमाया'तून त्यांनी तीच शिस्त खासगी वाहिनीवर नेली.

नट आजही रंगभूमीवरूनच येतात. एकांकिका स्पर्धांतून आलेल्या मुलांना दोन वाचनांत प्रसंग उभा करता येतो, म्हणून तर रोजची मालिका चालते. मालिका खालावली ती लेखनात.

रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. वर वाहिनीची माणसं प्रत्येक ट्रॅकवर मत देतात. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की पुढच्या आठवड्याचं कथानक हलतं. आधी चित्रित केलेल्या भागांची बँक संपली की युनिट थेट 'टेलिकास्टला' लागतं. सकाळी मेकअप करून बसलेल्या नटाच्या हाती दुपारी संवाद येतात आणि रात्री पॅकअपपर्यंत ते चित्रित व्हावे लागतात. अशा घाईत लेखक माणसं लिहीत नाही, भाग भरतो. एका वाक्यावर पाच चेहरे आणि प्रत्येकावर ढॅण्ण असं संगीत, हे त्या भरण्याचं दृश्यरूप आहे.

'आई कुठे काय करते' हे याचं सर्वांत दुखरं उदाहरण. मूळ कथा बंगाली 'श्रीमोयी'ची. तरी मधुराणी प्रभुलकर यांनी पहिल्या वर्षात नायिका अरुंधतीला दिलेली थकलेली, गिळून टाकलेली बोलण्याची ढब अस्सल मराठी होती. पण मालिका २०१९ च्या अखेरीपासून २०२४ पर्यंत चालवली गेली. अरुंधतीने घर सोडलं तिथे गोष्ट पूर्ण होत होती, पुढे फक्त संकटं वाढत गेली. 'ठरलं तर मग'चं मूळही तमिळ 'रोजा'त आहे. दुसऱ्या भाषेतली कथा घेण्यात कमीपणा नाही, मराठी रंगभूमीने रूपांतरं भरपूर केली आहेत. मात्र इथे कथा घेतली जाते ती तिकडे चाललेली आहे म्हणून. नव्या लेखकाची न चाललेली कथा दारातच अडते.

आणि ही गोष्ट घडते कुठे? हॉलमध्ये. सोफा, जिना, देवघर. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जेवताना माणसं रोज हा हॉल पाहतात, त्यांची गॅलरी मात्र पडद्यावर येत नाही. कारण सरळ आहे. घोडबंदर रोडच्या बंगल्यात किंवा गोरेगावच्या फ्लोअरवर दिवे कायमचे लावून ठेवता येतात, भिंत सरकवता येते, तीन कॅमेरे एकदम फिरतात. चाळीत फेरीवाला ओरडला की टेक गेला. हे मला कळतं, पण पटत नाही. 'रात्रीस खेळ चाले'ने सावंतवाडीजवळच्या आकेरीत मुक्काम ठोकून २०१६ मध्ये मालिकेला जागेचा वास दिलाच होता.

तालमीचा गुण आज सर्वांत जास्त दिसतो तो 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त. प्रहसन लिहावं लागतं, बसवावं लागतं, दहा-पंधरा मिनिटांत संपवावं लागतं. त्यात चाकरमान्याची बोलीही खणखणीत ऐकू येते. ते नट जिथे घडतात त्या जागा मात्र आक्रसताहेत. १९२२ पासूनचा दामोदर हॉल २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाला. त्याची झळ टीव्हीलाही लागेल.

स्टार प्रवाहच्या कार्यक्रमांची सूत्रं गेली काही वर्षं सतीश राजवाडे यांच्याकडे आहेत, कलर्स मराठीची २०२४ मध्ये केदार शिंदे यांच्याकडे गेली. एकाने 'अग्निहोत्र' केली, दुसऱ्याने दिलीप प्रभावळकरांच्या लेखनावरची साप्ताहिक 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दोघांनाही ठाऊक आहे की एका लेखकाच्या हातची मालिका आठवड्यातून एकदा आली तरी लोक थांबतात. त्यांनी आठवड्यातला अर्धा तास अशा मालिकेला द्यावा, शेवट आधी लिहून घ्यावा आणि गिरगावातल्या उरल्यासुरल्या चाळी पाडल्या जाण्याआधी तिथे कॅमेरा लावावा.